डिजिटलच्या मागची भिंत

गडमुडशिंगीत माझ्या डिजिटलएवढा मोठा फ्लेक्स कुणाच्याच वाढदिवसाला लागला न्हाय. लावलाबी मीच हुता, आन् वाढदिवस झाल्यावर काढून घरी आणलाबी मीच. गॉगल घालून, हात जोडून उभा हाय त्यात, खाली 'भावी सरपंच'.

पोरीच्या खोलीत, खाटंमागच्या भिंतीला काळं ठिपकं आलतं. म्हटलं, रंगाचा डबा कशाला? ठोकला डिजिटल. भिंत झाकली, पोरीला बापाचं दर्शनबी रोज.

दोन महिन्यांत आमची पाच वर्षांची चिमी खोकायला लागली. छातीत शिट्टी वाजायची. औषध चालू झालं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात कुठं ओल आहे का?" मी छाती काढून सांगितलं, "ओल? डिजिटल लावलाय की!"

मग बायकोनं नाक्या मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा रंगारी. खरं नाव कुणालाच ठाव न्हवतं. ब्रशच्या आधी नाक भिंतीला लावायचा. चहा दिला तरी भिंत हुंगल्याशिवाय कपाला हात न्हाय. म्हणायचा, "डोळ्यास्नी रंग दिसतोय, नाकाला खरं कळतंय."

चिमीच्या खोलीच्या उंबऱ्यातच थांबला. "पोरगी हितं झोपती? आधी तिला हितनं हलीव." मग दार लावलं, खिडकी उघडली, तोंडाला मास्क बांधला, मलाबी एक दिला, आन् डिजिटलचा कोपरा सोडला.

माझ्या फोटोमागं, डोक्यापासनं पायापतोर, काळी मखमल. पार खाटंपर्यंत उतरलेली. तिथंच माझी पोरगी नाक लावून झोपत हुती.

"ओल्या भिंतीला प्लास्टिकचं पांघरूण घातलंयस मर्दा," मिस्त्री म्हणला.

घाबरलो, म्हणून मर्दुमकी दाखवाय गेलो. झाडू उचलला. "थांब की खुळ्या! कोरडं झाडलंस तर घरभर उडंल." झाडू टाकला, न्हाणीत पळालो. बादलीत ब्लीचिंग पावडर टाकली, वर संडासाचं ॲसिड ओतणार, तवर मागनं येऊन त्यानं मनगट धरलं. "ह्या दोन्हीचा इखारी गॅस हुतोय! बुरशीच्या आधी तू आडवा पडशील, आन् बाजूला पोरगी!" ॲसिडची बाटली काढून घेतली, तवाच मनगट सोडलं. तवा मला कळलं, मी काय करायला निघालतो.

त्यानं हातमोजं घातलं, साबणाच्या पाण्यानं भिजवून भिजवून भिंत घासली. फडकी पिशवीत बांधून टाकली, गादीबी टाकाय लावली. भिंतीपलीकडं न्हाणीचा पाईप गळत हुता, तो बदलून घेतला. रंग कवा, म्हणून मी रोज इचारायचो. तो रोज येऊन भिंत हुंगायचा. "अजून न्हाय." तीन आठवडं असंच, मगच रंग दिला. तवर चिमी आमच्या खोलीत. शिट्टी हळूहळू थांबली.

रंगाचं ते काम त्याचं शेवटचंच. नंतर लेकाकडं गारगोटीला गेला, आन् तिथंच वारला. आजबी चिमीच्या खोलीत शिरलो की मी आधी भिंत हुंगतो. बायको हसती.

रंगाचं काम आटपून तो निघाला, त्या दिवशी मी इचारलंतं, "मिस्त्री, भिंत लई मोकळी दिसतीया. डिजिटल पुसून परत लावू काय?"

त्यानं गुंडाळलेला डिजिटल उलगडला. माझ्या गॉगलला नाक लावलं, चांगलं लांब हुंगलं.

"भिंतीची बुरशी घासून निघाली, गड्या. ही कशानं घासू?"