रॅकेटला आडनाव नसतं

अत्तारकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्याच विरुद्ध ओरडताना. बिबवेवाडीतला पालिकेचा बॅडमिंटन हॉल, सकाळचे सव्वासहा, आणि गेम अगदी शेवटाला आलेला. समोरच्याने मारलेलं शटल काकांच्या मागे, रेषेच्या आसपास कुठेतरी पडलं. मारणाऱ्याने स्वतःच "गेलं बाहेर" म्हणून मान वळवली होती. काकांचे जोडीदार देशमाने हात वर करून मोकळे झाले होते. एवढ्यात काका ओरडले, "आत आहे." संपला गेम. हरले.

"काका, कोणी विचारलं होतं का तुम्हांला?" देशमाने बँकेत होते, हिशेबाला पक्के. त्यांचा जीव जळत होता.

"कोणी नाही. पण मला दिसलं ना!"

"दिसलं तर दिसलं!"

"दिसलं नसतं तरी पॉइंट त्यांचाच. आपल्याला नीट दिसलं नाही तर तो समोरच्याचा. आणि दिसलं तर मग प्रश्नच नाही." एवढं बोलून काकांनी शटल उचललं, पिसं बोटांनी सरळ केली, जाळीपाशी जाऊन समोरच्याच्या हातात दिलं. रॅकेटने ढकललं नाही, पायाने तर नाहीच नाही.

मी तिथे खेळायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आमचा सात-आठ जणांचा गट होता. फुटपाथ, बसथांबे, बायकांसाठी स्वच्छतागृहं, जे जे सगळ्यांचं म्हणून बांधलं जातं आणि चौघांच्या घशात जातं, त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. पत्रक लिहिणारी मी. या हॉलमध्ये नव्या माणसाला कोर्ट मिळत नाही, असं नंदा नावाची एक नर्स मला सांगून गेली होती. रात्रपाळी संपवून ती खेळायला यायची आणि बाकावर बसून परत जायची. मी उसनी रॅकेट घेऊन पोचले. दारातच इनामदार वकील भेटले.

"आमचे चौघं ठरलेले आहेत," ते म्हणाले. "तुम्ही अकरानंतर या. बायकांना तेव्हा शांतपणे खेळता येतं."

झालं. मी सुरू झाले. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक जागा, कोणाच्या तीर्थरूपांचा हॉल, सगळं. वकील घड्याळ बघत ऐकत होते. मागून आवाज आला, "पोरी, भाषण झालं की रॅकेट ठेव."

"कुठे ठेवू?"

"शेवटच्या रॅकेटच्या बाजूला."

भिंतीलगत एक लांब हिरवा बाक होता. त्यावर रॅकेटी ओळीने मांडलेल्या, मुठी भिंतीकडे. जो आला त्याने आपली रॅकेट शेवटी ठेवायची. कोर्ट रिकामं झालं की पहिल्या चार रॅकेटींचे मालक आत. मग ते एकमेकांना ओळखत असोत वा नसोत, एक जण डॉक्टर असो आणि दुसरा त्याचा रिक्षावाला. गेम झाला की जिंकलेले-हरलेले चौघंही आपापली रॅकेट पुन्हा शेवटी ठेवणार. नियम एवढाच. कुठे लिहिलेला नव्हता, वीस वर्षं काका तो नुसता पाळत होते.

"रॅकेटला आडनाव नसतं," काका म्हणाले. "म्हणून माणसं उभी करत नाही आपण. रॅकेटी ठेवतो."

पण पुण्यात नियम झाला की त्याच्यावरचा तोडगाही शेजारच्याच गल्लीत तयार होतो. वकिलांच्या चौघांपैकी एक जण पहाटे साडेपाचला यायचा, पिशवीतून चार रॅकेटी काढायचा, एकाशेजारी एक मांडायचा आणि बाकीच्या तिघांची वाट बघत चहा प्यायचा. चौघं पहिले, चौघं एकत्र. गेम संपला की पुन्हा चार रॅकेटी शेवटी, एकत्र. मध्ये कोणी शिरूच शकत नाही. काकांना हे कळलं त्या दिवशी ते सरळ बाकापाशी गेले. ज्या तीन रॅकेटींचे मालक आले नव्हते, त्या उचलून त्यांनी खिडकीत नेऊन ठेवल्या.

"अहो, हे काय?" वकील आल्या आल्या कडाडले.

"रॅकेट माणसाच्या हातातून येते, साहेब. पिशवीतून फक्त भाजी येते."

काकांचं स्वारगेटच्या मागच्या बाजूला गटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक माणूस बसेल आणि दुसरा वाकून बोलेल एवढी जागा. रॅकेटीची तार तुटली की ती पुन्हा विणून, ताणून द्यायची, हे त्यांचं काम. तार ताणून झाली की नखाने टिचकी मारायचे, कान लावायचे. पसंत पडली नाही तर गिऱ्हाईक घाईत असलं तरी उसवायचे. घराणं पुण्यातलंच, चार-पाच पिढ्यांचं. आजोबा पेठांतून अत्तर विकत फिरायचे. काकांना स्वतःला मात्र कसलाही वास सहन होत नसे. मोठ्ठा सेंट मारून कोर्टवर येणाऱ्याला म्हणायचे, "आम्हांला शटलचा अंदाज घेऊ द्या, तुमचा नंतर घेऊ."

शिकवण्याचा त्यांना तिटकारा होता. म्हणजे कोणी विचारलं तर अर्धा तास मनगट धरून दाखवायचे. पण कोर्टवर न मागता सल्ले देणारी जी जमात असते, "अहो, जरा पुढे या", "रॅकेट वर ठेवा", तिच्याबद्दल त्यांचं मत होतं, "न विचारता सांगितलं की ते शिकवणं नसतं, ऐट असते." रॅली चालू असताना कोर्टच्या मागून कोणी चालत गेलं तर काका खेळ थांबवायचे आणि त्याला रस्ता द्यायचे, अगदी अदबीने, जणू लग्नाची वरात चाललीय. तो माणूस पुन्हा कधी तसा जात नसे. रमजानात ते पाण्याचा थेंब न घेता एक गेम खेळायचे. आम्ही बाटल्या लपवून प्यायला लागलो की हसायचे. "प्या हो उघड. रोजा माझा आहे, तुमचा नाही."

पहिली दोन वर्षं मी तिथे अशी खेळले. नंदा खेळली. मला बॅकहँड कधीच जमला नाही, पण न ओळखीच्या माणसाबरोबर जोडी करून हरायची सवय लागली. पत्रकं काढणाऱ्या माणसाला याची फार गरज असते. आम्ही नेहमी आपल्याच माणसांबरोबर उभे असतो.

मग वकिलांनी अर्ज दिला. सकाळी सहा ते आठ ठरावीक बॅचेस कराव्यात, नावं नोंदलेल्या चौघांना ठरावीक वेळ द्यावी, म्हणजे 'गोंधळ' टळेल. त्यावर वीस-बावीस सह्या होत्या. अर्ज मंजूर झाला असता तर नंदा संपली असती. तिची पाळी दर आठवड्याला बदलायची, ती कोणत्या चौघांत बसणार? मी संपले असते. आणि काकाही संपले असते. साठी उलटलेल्या, हळू झालेल्या माणसाला आपल्या पक्क्या चौघांत कोण घेतं? काकांना साडेआठला दुकान उघडावं लागे. त्यांच्या दिवसातला स्वतःसाठीचा वेळ तेवढाच होता.

मी पत्रक लिहिलं. 'सार्वजनिक हॉलमधले घुसखोर' असा मथळा. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि पेन मागितलं.

"'घुसखोर' काढ."

"का? आहेतच ते!"

"असतील. पण उद्या त्यांच्यातला एक तुझ्या बाजूने खेळणार आहे. रांगेत कोणाचा नंबर कोणाशेजारी लागेल, काय सांगता येतं?"

मी काढला नाही. तसाच छापला.

अर्जाची शहानिशा करायला हॉलचे अधिकारी गुरुवारी सकाळी येणार असं कळलं. रांग चालते की गोंधळ असतो, हे स्वतः बघून ते ठरवणार होते. मी साडेपाचलाच पोचले. बघते तर बाकावर पहिल्या चार रॅकेटी वकिलांच्या चौघांच्या. आणि त्या दिवशी त्यांनी लबाडी केली नव्हती! चौघंही खरोखर माझ्या आधी आले होते, आपापल्या हाताने रॅकेटी ठेवून बाहेर बूट बदलत बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. अधिकारी येणार, आणि कोर्टवर कोण? तेच चौघं. रांग असो नसो, हेच खेळतात, असं त्यांना दिसणार. त्यांच्या मागे नंदाची रॅकेट होती, मग एका शाळामास्तरांची, मग देशमान्यांची; तिघंही बाहेर चहाला गेले होते. माझी सगळ्यांत शेवटी.

हॉलमध्ये कोणी नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मी त्या चार रॅकेटी उचलल्या आणि माझ्या रॅकेटच्या मागे ठेवल्या.

अधिकारी आले तेव्हा कोर्टवर नर्स, मास्तर, बँकेतला माणूस आणि मी. काय सुंदर देखावा! अधिकारी मान डोलवत होते. तेवढ्यात वकील बाकापाशी गेले आणि ओरडले, "आमच्या रॅकेटी पहिल्या होत्या! कोणी हलवल्या?"

कोणीतरी हसलं. पिशवीतून चार रॅकेटी काढणाऱ्या चौकडीवर कोण विश्वास ठेवणार? अधिकारीही हसले. मी सर्व्हिससाठी शटल धरून उभी होते आणि गप्प होते. आपण जिंकलो, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"होत्या," काका म्हणाले. मी पहाटे आले तेव्हा ते कोपऱ्यात जाळीची दोरी आवळत बसले होते, खांबाच्या मागे. ते सगळ्यांच्या आधी येऊन जाळी बांधत, आणि ती बांधून होईपर्यंत स्वतःची रॅकेट रांगेत ठेवत नसत. "वकीलसाहेबांच्या पहिल्या होत्या. मी पाहिल्या. साहेब, आज रांग मोडली. आमच्याकडून मोडली."

'आमच्याकडून' म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. शेवटी माझाच आवाज आला. "मी हलवल्या."

काका उठले, बाकावरच्या चार रॅकेटी होत्या तशा पुढे आणल्या, आणि म्हणाले, "या, खेळा." नंदा, मास्तर, देशमाने निमूट बाहेर आले. अधिकाऱ्यांनी वकिलांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

वकील काही वेळ रॅकेटीच्या तारा बघत राहिले. "माझा अर्ज असा होता की इथे गोंधळ आहे," ते म्हणाले. "गोंधळ आहेच. पण तो निस्तरणारा माणूसही आहे, हे अर्जात लिहायचं राहिलं."

निकाल अर्धाच लागला. आठवड्यातले दोन दिवस एक तास बॅचेसना गेला, बाकी सगळा वेळ रांगेचा राहिला. तो तास माझ्यामुळे गेला की काकांमुळे बाकीचा वाचला, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्या सकाळी मात्र मी काकांवरच चिडले होते.

"काका, आपण सगळंच हरलो असतो!"

"हरलो असतो. हरायचं काय, मी रोज हरतो."

"पण ते रोज लबाडी करतात!"

"करतात ना. म्हणून तर त्यांच्या रॅकेटी खिडकीत ठेवल्या. आता तुझी कुठे ठेवू, सांग." मग हळूच म्हणाले, "जा, शेवटी ठेव. तुझा नंबर येईपर्यंत थांबतो मी." दुकान उघडायला उशीर झाला, तरी थांबले. आमचा नंबर एकत्र लागला. आम्ही हरलो.

मथळ्यातला तो शब्द मी पुढच्या छपाईत काढला.

पाच-सहा वर्षांनी काकांचा गुडघा गेला. तासभर बाकावर बसून राहिलं की उठताना त्यांना भिंतीचा आधार लागे. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "काका, तुमची रॅकेट पुढे घेते. कोणाचीच हरकत नाही." वकील तर म्हणाले, "कायमचा पहिला नंबर द्या काकांना. मी ठराव लिहितो."

"गुडघा माझा दुखतोय, रांगेचा नाही," काका म्हणाले आणि माझा हात रॅकेटीवरून बाजूला केला. प्रेमानेच केला, पण केला.

एका सोमवारी त्यांचा नंबर आला, ते कोर्टवर गेले, पाच-सहा पॉइंट खेळले आणि समोरच्यांची माफी मागून बाहेर आले. आम्ही वाट बघत होतो की ते रॅकेट शेवटी ठेवतील. त्यांनी ती कव्हरमध्ये घातली, चेन लावली. "जो खेळणार नाही त्याची रॅकेट रांगेत नको. मागच्याला उगाच थांबावं लागतं." नंतरही ते कधीमधी यायचे, जाळीची दोरी आवळून द्यायचे आणि निघून जायचे. त्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत.

चौथ्या दिवशी आम्ही हॉलवर जमलो. वकिलांनी खिशातून कागद काढला. बाकावरची पहिली जागा काकांच्या नावाने कायम मोकळी ठेवावी, तिथे पितळी पट्टी बसवावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदा रडत होती.

मी उभी राहिले. "माझा विरोध आहे."

"अहो, आज तरी!" देशमाने म्हणाले.

"आजच. काकांना पहिली जागा कधीच नको होती. जिवंतपणी त्यांनी ती घेतली नाही, आता ते नाही म्हणू शकत नाहीत म्हणून आपण त्यांच्या गळ्यात मारायची?"

वकिलांनी कागदाची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि तो खिशात ठेवला.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, कापडी पिशवीतून रॅकेटची मूठ वर आलेली, आम्हांला असं खेळ सोडून उभं बघून बावरलेल्या. "इथे खेळायचं असेल तर नाव कुठे द्यायचं?"

मी तोंड उघडणार तोच वकील म्हणाले, "नाव नको, बाई. रॅकेट ठेवा."

"कुठे?"

"शेवटच्या रॅकेटच्या बाजूला."