शिशावाचून न चालणारी कात्री

केरीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने माझ्या आगळाच्या बरण्या परत दिल्या, त्या मागच्या दाराशी, चारचौघांत. पाव घेऊन आलेला पोदेर तिथे होता, मासळीवाल्या होत्या, आतले आचारीही बाहेर डोकावत होते.

"माल घेऊन जा, शेट," खरेदी बघणारा मॅनेजर म्हणाला. "तुमच्या आगळात शिसं आहे."

आगळ म्हणजे भिरंडांचा, घाटावर ज्याला कोकम म्हणतात त्या फळाचा, मीठ घालून काढलेला रस. डिचोलीत माझा तोच धंदा. मी विचारलं, कोणी तपासलं? तपासलं कोणीच नव्हतं. एका पाहुण्याचं पोट दुखलं होतं आणि त्याच्याबरोबरचा कोणी डॉक्टर म्हणाला होता, की कल्हईच्या भांड्यात आंबट ठेवलं तर शिसं उतरतं.

"कल्हईत शिशाची भेसळ असली तर उतरतं," मी म्हणालो. "माझ्या टोपांसाठी कथिल मी स्वतः आणतो. कल्हईवाल्याला माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर बसवतो."

"ते तुम्ही म्हणता."

पोदेर टोपली उचलता उचलता म्हणाला, "शिसं आणि आंबट! आता आगळावर गाडीची बॅटरी चालेल म्हणायची." मासळीवाल्या हसल्या. मी बरण्या टेम्पोत चढवल्या. त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी डिचोलीला पोहोचायच्या आधीच बातमी बाजारात पोहोचली होती. दोन दुकानदारांनी माझ्या बरण्या पुढच्या फळीवरून मागे सारल्या. मुंडकाराचा मुलगा मी. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेवर त्याच्या मर्जीने झोपडी बांधून राहिलेल्या माणसाचा. गोवा राज्य झालं त्या सुमाराला मी सायकलवरून आगळ विकायला लागलो, तेव्हाही लोक आधी विचारत, "कोणाचा रे तू?" मग चव घेत. नाव कमवायला माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि ते घालवायला एक पोटदुखी पुरे झाली.

मुलगी माझी तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होती. विषय असा, की तो बाजारात सांगायची मला लाज वाटे: काम करणारं डीएनए. आमच्या समजुतीप्रमाणे डीएनए म्हणजे बापाचं नाक मुलाला देणारी वस्तू. ती पेशीत बसून राहते, कामं करतात ती प्रथिनं. मुलगी म्हणे, "बाबा, बसून राहतं कारण त्याला जोडीदार असतो. दुहेरी दोर असतो तो. एकच सुटा तुकडा घेतला तर तो स्वतःभोवती वळतो, आकार धरतो आणि दुसरा धागा कापतो. विकरासारखं, म्हणजे एन्झाइमसारखं काम करतो."

"हा तुकडा कोणाचा? माणसाचा की जनावराचा?"

"कोणाचाच नाही. प्रयोगशाळेत कसेही जोडलेले असंख्य तुकडे घेतात. जे कापतात ते ठेवतात, बाकीचे टाकतात. उरलेल्यांतून परत निवडतात."

त्याला कूळ नाही, तो काम करतो म्हणून राहतो. त्या दिवसापासून मला तो तुकडा आवडायला लागला. तिच्याकडची जात तर शिसं असेल तरच कापणारी होती. शिशावाचून ती कात्री चालतच नाही. सोन्याच्या अतिबारीक कणांना मुलगी या कात्रीने कापायच्या धाग्यांनी एकत्र बांधून ठेवी, तेव्हा पाणी निळं दिसे. शिसं आलं की धागे तुटत, कण मोकळे होत आणि पाणी लाल होई.

बरणी घेऊन मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिने साध्या पाण्याची नळी ठेवली, ती निळी राहिली. शिसं घातलेली नळी लाल झाली. मग आगळ घातलं. लाल.

शेजारचा तिचा सोबती म्हणाला, "काका, दिसतंय ना?"

"दिसतंय," मी म्हणालो. "आगळ लाल असतं हे तुमच्या गावात माहीत नाही काय?"

"बाबा, बाहेर बस रे तू."

"बसणार नाही. गिऱ्हाईक माझ्या तराजूवर विश्वास ठेवायच्या आधी रिकामी पारडी बघतं. तू काय केलंस? कात्री काढून ठेव. नुसतं आगळ घाल."

तिने ओठ आवळले, पण घातलं. कात्री नव्हती, सोनं नव्हतं, तरी नळी तशीच लाल. सोबती खिडकीबाहेर बघायला लागला.

मग ती कामाला लागली. कोळशाच्या भुकटीतून आगळ गाळून रंग काढला, आंबटपणा मारला, पाणी घालून खारटपणा उतरवला. ते नितळ पाणी कात्रीपाशी घातलं. आम्ही थांबलो. निळं ते निळंच राहिलं.

"झालं," मी उठलो. "लिहून दे."

"बस."

"आता काय गो?"

"कोळशाने शिसंही धरून ठेवलं असेल. मीठही अजून असेल त्यात. खारात माझी कात्री बोथट झाली असेल तर शिसं असूनही नळी निळीच दिसेल. तुझ्या लालावर तू भांडलास, मग तुझ्या निळ्यावर मी भांडणार."

बाप मी हिचा, की हीच माझा, असं मला क्षणभर वाटलं. तिने बरणीतल्या मूळ आगळात बारीकशी मात्रा शिशाची घातली, ते पुन्हा तसंच गाळलं आणि कात्रीपाशी घातलं. आता ती नळी निळी राहिली असती, तर माझा सगळा दावा पाण्यात गेला असता. नळी हळूहळू जांभळी झाली, मग लाल. कात्री धड होती. माझ्या आगळात तिला कापायला लावणारं काही नव्हतं. सगळ्या बरण्यांचं तिने तसंच केलं, एकही सोडली नाही.

तिने लिहून दिलेला निकालाचा कागद घेऊन मी केरीला गेलो. मॅनेजरने मला आत बोलावलं, लिंबू सरबत मागवलं. कागद वाचलाही नाही.

"मिटलं ना, शेट? पाठवा माल. उगाच वाढवू नका."

"बाहेर चला. दाराशी बोलला होतात, दाराशी बोला. पोदेर आलाय, मासळीवाल्याही आहेत."

"एवढ्या साध्या गोष्टीसाठी?"

"साधी होती तर त्या दिवशी आत बोलावून सांगायची होती."

तो हसला. म्हणाला, मोठ्या हॉटेलाला असं करता येत नाही. मी सरबताला हात न लावता निघालो. मागच्या दारानेच. पोदेरला स्वतः सगळं सांगितलं, त्या कात्रीसकट. त्याला अर्धं कळलं असेल, पण आसपास पेडणे तालुक्यात पाव पोहोचतो तिथवर ते पोहोचलं.

पुढच्या हंगामात हॉटेलाने माणूस पाठवला, वाढीव भाव घेऊन. मी म्हणालो, भाव मी ठरवतो, आणि तुला पाठवणाऱ्याला सांग, स्वतः ये आणि चारचौघांत बोल. मॅनेजर आजवर आलेला नाही. माझं आगळही त्या हॉटेलात गेलेलं नाही.