गोदामाच्या मापाची पागा

माणूस पारखायची आत्याची एकच रीत होती. ती त्याला घोडीसमोर उभे करायची.

कामाला माणूस ठेवायचा असो, गवतवाला बदलायचा असो की कुणाला खोगीर उसने द्यायचे असो, "चला, आधी पागा बघून घ्या," म्हणत ती त्याला म्हातारीच्या ठाणापाशी न्यायची. म्हातारी म्हणजे तिची सर्वांत जुनी घोडी. तिने कान मागे पाडले, की त्या माणसाला चहा मिळायचा आणि निरोपही. कान पुढे आले, की काम झाले. तिच्याशी लग्न ठरताना काकांनाही ही परीक्षा चुकली नव्हती. तेव्हा म्हातारीची आई होती. तिने काकांच्या सदऱ्याची बाही चघळून ओलीचिंब केली. "पास झालो की नापास, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही," असे काका म्हणतात.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबा घोडे शिकवायचे. मुलगे शिकून नोकऱ्यांना लागले आणि घोडे हिच्याकडे आले. वस्ती संपते तिथे तिचे मैदान, मैदानाच्या कडेला पागा आणि पागेला लागून दोन खोल्यांचे घर. सकाळी ती मुलांना रपेट शिकवायची. दिवसभर इतरांचे घोडे सांभाळायची. त्यांचे मालक रविवारी चकचकीत बूट घालून यायचे. कधीकाळी एका तरण्या घोड्याने पाडल्यामुळे तिचा डावा खांदा जरा खाली झुकलेला, त्यामुळे ती नेहमी दाराआडचे काही ऐकत असल्यासारखी वाटे. आवाज मात्र कधी चढला नाही. "ओरडणाऱ्याचं घोडं ऐकत नाही," ती म्हणायची, "आणि नवरा तर त्याहून नाही." काका खोगिरे शिवत बसलेले असत. ते सुईतून मान वर न काढता म्हणत, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

जुनी पागा लाकडाची होती. खांबांना वाळवी लागली होती आणि पत्र्यांना इतकी भोके, की दुपारी घोड्यांच्या पाठीवर उन्हाचे ठिपके पडत. पण आत हवा खेळायची. आढ्याशी दोन्ही उतारांच्या मधे हातभर फट होती, आजोबांनी मुद्दाम ठेवलेली. एका वादळात कोपऱ्याचा खांब बसला आणि रविवारचे मालक कुरकुरू लागले. नवी पागा बांधणे भाग होते.

कर्ज द्यायला कुणी तयार होईना. एका ठिकाणी तर विचारले, "बाई, तारण चार पायांवर पळून गेलं तर आम्ही मागे धावायचं का?" शेवटी जनावरांच्या गोठ्यांना आणि पागांना कर्ज देणारी एक कंपनी सापडली. तिचा साहेब स्वतः आला. सडपातळ, हळू बोलणारा, कोपरावर रफू केलेला स्वेटर घातलेला. आत्याने त्याला म्हातारीसमोर उभे केले. म्हातारीने कान पुढे केले, दोनदा फुरफुरली आणि सरळ त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. साहेबाने अंग चोरले नाही. तो तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला. असे म्हातारीने आत्याशिवाय कुणाशी केले नव्हते.

आत्याने त्याच दिवशी सह्या केल्या. "नकाशा एकदा नीट बघून घेऊ या का?" काकांनी विचारले.

"म्हातारीने बघितलाय माणूस," ती म्हणाली.

पैसे टप्प्याटप्प्याने यायचे: पाया झाला की एक टप्पा, भिंती उभ्या राहिल्या की दुसरा, छत झाले की तिसरा, घोडे आत राहू लागले की शेवटचा. प्रत्येक टप्प्याआधी कंपनीचा इंजिनियर येऊन माप घ्यायचा. जमीन त्याने नुसत्या काँक्रीटची करायला लावली, जाड आणि सपाट. प्रत्येक ठाणाला मागून एक दार हवे, हे आत्याचे म्हणणे त्याने खोडले. भिंत सलग हवी. खिडक्या लहान, हात पोचणार नाही इतक्या वर. दाराची रुंदी त्याने दोनदा मोजली.

"ट्रक सरळ आत यायला हवा," तो म्हणाला.

"गवताचा ना? तो बाहेरच थांबतो हो. गवत आम्ही डोक्यावरून आणतो."

"असू द्या. रुंद दार कधीही चांगलं."

छताचे पत्रे चढले तेव्हा आत्याने खालून हाक मारली, "आढ्याशी फट राहू द्या!"

"पाणी येईल, ताई. आतला माल भिजेल."

"माल?"

इंजिनियर जरा थांबला. "म्हणजे घोडेच हो," असे म्हणून तो हसला.

पागा झाली. देखणी होती, यात वाद नव्हता. राखाडी भिंती, निळे पत्रे, समोर एकच भलेमोठे शटर. रविवारच्या मालकांनी फोटो काढले. जुनी पागा पाडून तिच्याच जागी ही उभी केली होती, त्यामुळे वास आणि वाट घोड्यांच्या ओळखीची होती. तरीही उंबऱ्याशी एकेक घोडा थबकला. टापा बाहेर मातीत दबक्या वाजत होत्या, आत पाऊल पडताच त्यांचा आवाज भिंतींवरून परत आला आणि घोड्यांना वाटले, आत आधीच कुणीतरी चालते आहे. आत्याने म्हातारीला पुढे घातले. मग बाकीचे गेले.

"नाकापेक्षा मोती जड झाला की काय गं हा?" काका वर बघत म्हणाले. आत्या वास घेत होती. नव्या सिमेंटच्या वासाखाली काहीतरी साचू लागले होते.

संध्याकाळ झाली की शटर पाडायचे, अशी विम्याची अट होती. सकाळी वर केले की आतून कोमट, जड हवेचा लोट अंगावर यायचा. लीद कितीही वेळा काढली, मुताची जागा कितीही धुतली, तरी डोळे चुरचुरायचे. थंडी वाढली तशी पत्र्यांना आतून घाम येऊ लागला. थेंब घोड्यांच्या पाठीवर पडायचे, त्यांची कातडी थरथरायची, आणि पुन्हा सगळे शांत. त्या शांततेत एके सकाळी एक घोडा खोकला. एकदाच, कोरडा. आत्याने हातातला खरारा खाली ठेवला.

आठवडाभरात तिघे खोकू लागले. नालबंद नाल बदलायला आला, तो पाय मांडीवर घेऊन वाकला आणि डोळे पुसत उठला. "वहिनी, नाल मी बाहेर ठोकतो. इथे वाकलं की रडू येतं. लोकांना वाटेल तुम्ही पैसे देत नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हातारीचं पोट बघा."

म्हातारी मान खाली घालून उभी होती. नाकपुड्या फुललेल्या. श्वास सोडताना तिचे पोट आत ओढले जात होते, कुणी आतून दोरी खेचावी तसे. डॉक्टर आले, त्यांनी कान लावून ऐकले, मग छताकडे बघितले. "औषध देतो," ते म्हणाले, "पण हिला औषधापेक्षा हवा लागणार आहे. नाही मिळाली तर ही थंडी काढणार नाही. आणि पाठोपाठ बाकीचे."

आत्याने साहेबाला बोलावले. तो लगेच आला. तिने सांगितले, आढे उघडायचे आहे, भिंतीत दारे पाडायची आहेत.

"ताई, छताला हात लावला तर शेवटचा टप्पा थांबेल," तो म्हणाला. "शिवाय कंपनी सगळं कर्ज एकदम मागू शकते. मग पागा जाते, मैदानही जातं."

"पण का? पागेला फट असली तर कंपनीचं काय बिघडतं?"

त्याने खरोखर आश्चर्याने तिच्याकडे बघितले. "तुम्हाला सांगितलं नाही कुणी? घोड्यांची पागा विकत कोण घेतं, ताई? गोदाम कुणीही घेतं. म्हणून बांधायचीच अशी, की तुम्हाला फेडणं जमलं नाही, तर उद्या तिचं गोदाम करता यावं. सगळीकडे असंच करतात."

"म्हणजे मी बुडणार, असं धरून बांधलीय?"

"तसं नाही," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... हो."

माणूस वाईट नव्हता. त्याने वर विनंती पाठवली, दोनदा आठवण केली. नकार आला तेव्हा फोन न करता सांगायला स्वतः आला. मला वाटते, आत्या त्यानेच खचली. समोर लबाड असता तर तिला रागवता आले असते. म्हातारी चुकली नव्हती. तिने माणूस बरोबर ओळखला होता, आणि कर्ज काही माणसाने दिले नव्हते.

मग रविवारचे मालक येऊन आपापले घोडे नेऊ लागले. "गैरसमज नको हं," प्रत्येक जण म्हणायचा. ठाणे रिकामी होत गेली, तशी पागा आपोआप दुसऱ्याच कशासारखी दिसू लागली. मधली मोकळी जागा वाढली. एकदा मी आत शिरले तर आत्या रिकाम्या ठाणांकडे बघत उभी होती.

"बघ ना," ती म्हणाली, "आपल्याला बाहेर काढून ही कंपनीला हवी तशी होत चाललीय."

त्या दुपारी म्हातारीने चारा तोंडात घेतला आणि तसाच गाळला. आत्या उठली. तिने नालबंदाला निरोप धाडला, शिडी काढली.

"अहो, धरा खालून."

"सगळं जाईल, माहीत आहे ना?" काका म्हणाले.

"माहीत आहे. धरता का?"

काकांनी शिडी धरली. नालबंद आणि ती आढ्यावर चढले. गुळगुळीत, निसरड्या पत्र्यावर ती झुकल्या खांद्याने बोल्ट सोडवत होती आणि खाली काका, जन्मात आवाज न चढवलेला माणूस, "हळू! अगं हळू!" म्हणून ओरडत होते. आढे झाकणारे पत्रे एकेक करून खाली घसरले. फटीतून वाफ वर निघाली, पांढरी, भरपूर, जणू खाली काही शिजत होते. मग नालबंदाने घण घेतला आणि मागच्या भिंतीत प्रत्येक घोड्यामागे एक भोक पाडले.

साहेब शेवटची पाहणी करायला आला, तेव्हा वरून उजेडाची लांब पट्टी जमिनीवर पडली होती आणि म्हातारी तिच्यात उभी राहून चारा खात होती. अजून खोकत होती, पण खात होती. साहेबाने वर बघितले आणि वही उघडली.

"काय लिहू, ताई?"

"दिसतंय ते लिहा."

"थोडे दिवस नाही लिहिलं तर..."

"नको. तुमची नोकरी आणि माझा तबेला, दोन्ही एका पत्र्याखाली कशाला?"

त्याने लिहिले. ते वर पोचायला, फिरायला, नोटीस बनून यायला किती वेळ लागेल, हे त्यालाही सांगता आले नाही. अजून ती आलेली नाही.

आत्या आता रोज सकाळी उरलेले घोडे एकामागे एक दोरीला घेऊन मोठ्या रस्त्याने चालवते. काका शेवटच्या घोड्याबरोबर असतात. ट्रक अंगावरून जातात, घोडे बिचकतात, ती उभी राहते, पुन्हा निघते. मागच्या खेपेला मीही बरोबर गेले.

"मैदान असताना रस्त्यावर कशाला गं आत्या?"

"सवय असावी."

"कशाची?"

तिने दोरी दुसऱ्या हातात घेतली. मागून हॉर्न वाजला. या वेळी एकही घोडा बिचकला नाही, हे बघून ती समाधानाने म्हणाली, "लांब चालायची."