कोणता परवा?

ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणत. पूर्वी त्या मिक्सर आणि धुलाईयंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांचा मजकूर लिहायच्या. तो कुणी वाचत नसे, आणि यंत्र बिघडलं की शिव्या मात्र लिहिणाऱ्याला. आता एका बसकंपनीत त्यांना अक्षर न् अक्षर वाचणारा वाचक मिळाला होता. फक्त तो माणूस नव्हता. प्रवाशांना उत्तरं देणारा तो एआय मदतनीस होता. तिकीट शोधायला, काढायला, रद्द करायला त्याच्या हाताशी वेगवेगळी टूल्स होती. टूलच्या पोटात काय चालतं ते त्याला दिसत नसे. ताईंनी लिहिलेलं वर्णन वाचूनच तो कोणतं उचलायचं ते ठरवी. हे टूल काय करतं, कधी वापरावं, कधी मुळीच वापरू नये, आधी काय विचारून घ्यावं. एकेका शब्दावर ताई अर्धी सकाळ घालवत.

घरी मात्र मनातलं एक वाक्य त्यांना धड बोलता येत नसे. लेक नोकरीसाठी दूरच्या गावी गेल्यापासून तिच्या पलंगावरची चादर त्या रोज झटकत, कुणी झोपलेलं नसलं तरी. आणि फोनवर "जेवलीस का?"च्या पुढे गाडी सरकली की भांडण ठरलेलं. रविवारीही झालं. "तुला कशाला येतेय आईची आठवण!" असं ताई बोलून गेल्या. "गुरुवारी येऊनच दाखवते, मग बोल!" म्हणत लेकीने फोन आपटला. रागाच्या भरात बोलली, असं ताईंनी धरलं.

मंगळवारी लेकीचा मेसेज आला, "परवाचं काय मग?"

ताईंचा जीव भांड्यात पडला. पोरगी भांडण मिटवायला बघतेय. त्यांनी लगेच लिहिलं, "विसर ते. सोडून दे."

"बरं," एवढंच उत्तर आलं.

बुधवारी शेजारच्या टेबलावरची प्रोग्रामर खुर्ची सरकवत आली. "ताई, तुमच्या लाडक्याने घोळ घातला. एका प्रवाशाने लिहिलं, परवाच्या गाडीचे पैसे परत द्या. त्याची जातानाची गाडी वाटेत बंद पडली होती, तो तिचे मागत होता. आणि याने पुढचं परतीचं तिकीटच रद्द केलं!"

"रद्द करायच्या टूलला मी काय लिहिलं होतं?"

"प्रवाशाने दिवस सांगितल्यावर वापरावे."

"परवा हा काय दिवस झाला? मागचाही परवा, पुढचाही परवा."

"माणसाला कळतं हो बरोबर. यालाच कळत नाही."

ताई हसल्या आणि लिहू लागल्या: ‘प्रवासी "परवा" म्हणाला, तर झालेला की येणारा हे विचारून तारीख घ्यावी. अंदाजाने काहीही करू नये.’

बोटं तिथेच थांबली. माणसाला कळतं?

त्या जिन्यात गेल्या आणि फोन लावला. "काल तू 'परवाचं काय' विचारलंस, ते कोणत्या परवाचं गं?"

"कोणत्या म्हणजे? गुरुवारचं. तिकीट काढलं होतं मी. तू विसर म्हणालीस."

"अगं, मी भांडण विसर म्हटलं!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, तूसुद्धा ना… तिकीट रद्द केलं मी. रजाही कामावरच्या दुसरीला देऊन टाकली."

"मग मी येऊ?"

इतकं सरळ ताईंनी कधी विचारलं नव्हतं.

"गादी एकच आहे माझ्याकडे."

"चालेल मला."

"तू घोरतेस."

"घोरते."

"ये मग."

ताई तिथेच पायरीवर बसल्या आणि कंपनीच्या मदतनीसालाच त्यांनी लिहिलं, "परवाचं एक तिकीट हवंय."

प्रोग्रामरने तोवर नवी ओळ सगळ्याच टूल्सना लावून टाकली होती. मदतनीसाने अदबीने विचारलं, "परवा म्हणजे झालेला की येणारा? कृपया तारीख सांगा."

"मागचं तिकीट कोण काढतं रे, वेड्या!" ताई पुटपुटल्या. मिळत असतं तर त्यांनी तेच आधी काढलं असतं, लेक त्या पलंगावर लोळत पडलेली असायची तेव्हाचं, कुठल्याही दिवसाचं.

डोळे पुसून त्यांनी शुक्रवारची तारीख लिहिली.