दोन सेनेगली आणि माझा अर्ज

मी रॅगिंगची लेखी तक्रार केली, आणि रॅगिंग झालंच नव्हतं.

आमचं कॉलेज लातूरचं, विद्यापीठ नांदेडला. मी शिकवतो रसायनशास्त्र. होस्टेलचा रेक्टर व्हायला त्या वर्षी कुणी तयार नव्हतं, आणि प्राचार्यांनी मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडात नेमका चहाचा घोट होता, त्यामुळे नाही म्हणायचं राहून गेलं. त्याच वर्षी शिष्यवृत्तीवर दोन मुलं एम.एस्सी.ला आली, थेट पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलहून. ती यायच्या आधी होस्टेलच्या पोरांना त्या देशाचा परिचय करून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी नेटवरून चार पानं उतरवली आणि पंधरा मिनिटं बोललो. आफ्रिका खंडाचं पश्चिमेकडचं टोक, राजधानी डाकार, समुद्र, भुईमूग, कारभाराची भाषा फ्रेंच पण घरात बोलायच्या वेगळ्या, बहुतेक लोक मुसलमान, पाहुणचाराला फार मान. शेवटी ‘काही शंका?’ म्हटलं. एकानं विचारलं, तिथं सिंह असतात का. मी म्हणालो, असतात की. तेवढ्यावर आमचा सेनेगल संपला.

मग ती दोघं आली. एक उंच, फुला लोकांपैकी. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाई राखणारे. दुसरा बुटका, सेरेर. म्हणजे बाजरी न् शेंगा पिकवणारे, आपल्यासारखेच. दोघं मेसमध्ये एकाच ताटात जेवायचे. दुपारी खोलीत हिरव्या चहाची एकच पत्ती तीनदा उकळायचे. पहिला चहा कडू, तिसरा गोड, आणि तिसरा घेतल्याशिवाय उठणं हा अपमान. मी पहिल्यातच उठलो. त्यांचा नमस्कारही लांबलचक. घरचे बरे? आई बरी? लेकरं बरी? काम बरं? गाई बऱ्या? माझ्याकडे गाय नाही, आणि वेळही नसायचा. मी ‘ओके, ओके’ म्हणत जिना उतरायचो, उंच पोरगा मागून विचारतच असायचा.

गाईंवरून आठवलं. माझा मेव्हणा देवणीचा, बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या दारात देवणी जातीचा वळू आहे. उंच पोराला मी एकदा तिथं नेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी त्या वळूच्या वशिंडावर हात ठेवून ती दोघं तासभर बोलली. त्यानंतर तो दर रविवारी एकटाच देवणीला जायला लागला.

तर, एका दुपारी मी मेसमध्ये गेलो. उंच पोरगा सगळ्यांसमोर बुटक्याकडे बोट करून इंग्रजीत म्हणत होता, “हा माझा गुलाम आहे. भात बघा किती खातो. याच्या अख्ख्या जमातीला पोट सोडून दुसरं काही नाही. ऊठ, पाणी आण.” आणि बुटका उठला, पाणी घेऊन आला. हसत होता. भ्यालेला माणूस असाच हसतो, असं मी स्वतःला पटवलं. मी स्वतः प्राचार्यांसमोर तसाच हसतो.

आठवडाभर मी लक्ष ठेवलं. रोज गुलाम, रोज पाणी. रॅगिंगच्या प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा माझ्याच कपाटात असतो. काही झालं की आधी रेक्टरला धरतात. पोराचं काय होईल यापेक्षा माझं काय होईल हीच काळजी जास्त होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी अर्ज लिहिला. पहिला मसुदा मिळमिळीत वाटला म्हणून दुसऱ्यात ‘वंश’, ‘गुलामगिरी’, ‘मानवी प्रतिष्ठा’ असे शब्द घातले. चांगला जमला होता. विद्यापीठाला ऑनलाइन पाठवून टाकला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. गुरुवारी नांदेडला समितीपुढे सुनावणी. तोवर उंच पोरानं होस्टेल सोडायचं. आरोप सिद्ध झाला तर प्रवेश रद्द, आणि प्रवेश रद्द म्हणजे व्हिसा रद्द, म्हणजे घरी. तक्रारदाराचं नाव गुप्त. आणि एकदा दिलेली तक्रार मागं घेता येत नाही. हे सगळं ते एका दमात बोलले आणि वर म्हणाले, छान लिहिलंय तुम्ही.

त्याला ठेवायचं कुठं? मी त्याला देवणीला मेव्हण्याकडे पाठवलं. जाताना तो माझ्याशी फक्त ‘गुड मॉर्निंग’ बोलला. लेकरांची चौकशी नाही, गाईंची नाही.

मेसमध्ये आता बुटका एकटा जेवायला लागला. गुलाम नाही, पाणी नाही, कुणाचा आवाज नाही. तीन दिवसांनी तो माझ्या खोलीत आला आणि तक्रार कुणी केली ते विचारू लागला. मी नियम सांगितला. तो म्हणाला, “सर, त्याला वाटतंय मीच केली. तो माझा फोन उचलत नाही.”

मग त्यानं मला बसवलं आणि माझ्या चार पानांत नसलेला सेनेगल सांगितला. सेरेर आणि फुला हे चेष्टेचे भाऊबंद. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, चोर म्हणायचं. दोघंही एकमेकांचे मालक आणि दोघंही गुलाम. दोन अनोळखी माणसं बसमध्ये नुसतं आडनाव ऐकून सुरू होतात. त्याच्या आजोबांच्या मातीला एक फुला म्हातारा आला आणि रडणाऱ्या बायकांना म्हणाला, बरं झालं, आता गावात भात उरेल. बायका रडता रडता हसल्या. या बोलण्याचा राग धरायचा नसतो. “राग धरला तर नातंच तुटतं, सर. आता त्याला वाटतंय, मी राग धरला.”

हे तर मला माहीत होतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत याच मेव्हण्यानं भरल्या पंगतीत सांगितलं होतं की बैल घेताना आपण दात बघतो, पण दाजीच्या वेळी घाईत राहून गेलं. अख्खी पंगत हसली होती. मी पण. मी कुठं अर्ज केला होता?

गुरुवारी बुटक्याला घेऊन मी देवणी गाठली, आणि तिथून मेव्हणा स्वतः जीप घेऊन निघाला. मी पुढं, पोरं मागं, दोघं दोन खिडक्यांना. देवणी सोडल्यापासून मागून शब्द नाही. मी तीनदा घसा साफ केला. मुखेडच्या पुढं मात्र राहवेना. मागं वळून इंग्रजीत म्हणालो, “तक्रार यानं केली नाही. मी केली.” उंच पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग पुन्हा बाहेर बघायला लागला. मेव्हण्यानं ‘कम्प्लेंट’ एवढा शब्द ओळखला आणि जीपचा वेग कमी केला.

समितीत पाच जण. अध्यक्ष मॅडमनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. ‘मानवी प्रतिष्ठा’ माझ्याच कानाला टोचलं. मी सांगितलं, माझी समजूत चुकली. त्यांना वाटलं, कॉलेजचं नाव राखायला मी आता प्रकरण दाबतोय. बुटक्यानं सांगितलं, तर त्यांना वाटलं तो दडपणाखाली आहे. तो भीतीनं हसतो, असं अर्जात मीच लिहून दिलं होतं. माझ्या अर्जात कुठंच फट नव्हती. पोराचं विमान मला दिसायला लागलं.

शेवटी काही सुचेना तेव्हा मी पंगतीतली दातांची गोष्ट सांगितली. मॅडमनी विचारलं, ते मेव्हणे कुठं असतात? म्हटलं, बाहेर उभे आहेत. त्याला आत बोलावलं. त्यानं मॅडमना हात जोडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “व्हय, म्हनलो होतो. अन् दात बगितले असते तर आज ही येळ आली नसती.”

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना तीन भाऊ आणि एक नवरा आहे, हे त्यांनी कारण नसताना सांगितलं. मग मला कोरा कागद देऊन म्हणाल्या, विद्यार्थ्यांना काही न विचारता, गैरसमजातून तक्रार केली, असं लिहून द्या. मी लिहिलं. एकदा खाडाखोड झाली, तर पुन्हा लिहायला लावलं. प्रकरण बंद.

परत निघालो. नांदेड मागं पडलं तरी पोरं दोन खिडक्यांनाच. कागदानं प्रवेश वाचला होता, बाकीचं काही कागदाच्या हातात नव्हतं. मी आरशातून चोरून बघत होतो. बऱ्याच वेळानं उंच पोरगा खिडकीबाहेर बघतच म्हणाला, “गुलामा, पाणी दे.”

बुटक्यानं बाटली उचलली, आधी स्वतः अर्धी प्यायला, आणि उरलेली दिली. म्हणाला, चोराला एवढं पुष्कळ. दोघं इतके हसले की जीप हलली.

आनंदाच्या भरात मीही हात मागं केला आणि ऐटीत म्हणालो, “गुलामा, मला पण.”

बाटली हातात आली, पण अदबीनं, ‘येस सर’ म्हणत.

मेव्हण्यानं रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, “दाजी, ऱ्हाऊ द्या. तुमाला चेष्टा जमत न्हाई. तुमी आपला अर्जच लिवा.”