बाबांवर सहा दृष्टिकोन

आधुनिक मानसशास्त्रात माणसाकडे पाहण्याचे सहा प्रमुख दृष्टिकोन आहेत. ते सहाही मी एका आठवड्यात माझ्या वडिलांवर वापरून पाहिले आहेत. वडील हयात आहेत.

झालं असं, की आई गेल्यावर उमरेडचं घर बंद करून मी बाबांना हुडकेश्वरला आमच्याकडे आणलं. बाबा जन्माचे विणकर आणि बोलायला एकदम मोकळे. पेपरवाल्यापासून ते टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईपर्यंत कोणालाही सोडायचे नाहीत. पण एका सोमवारी ते अचानक गप्प झाले. छताकडे बघत बसायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. काही विचारलं तर हातानेच 'थांब'! मंगळवारी त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आणि दोन दिवसांतलं एकमेव वाक्य बोलले, "रविवारी उमरेडले जातो."

त्या बंद घरात हा माणूस एकटा राहणार, आणि तोही आमच्यावर रुसून! बायकोला, म्हणजे शुभांगीला विचारलं, "तू काही बोलली का त्यायले?" ती म्हणाली, "मी काहून बोलू? तुम्हीच बोलले असान." असा घरातला तपास पूर्ण झाला.

आमची मुलगी रुचा बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. मी तिची वही मागितली.

"पप्पा, परीक्षा आहे माझी!"

"इथं माया बाप घर सोडून चालला, अन् तुले परीक्षा सुचते?"

(मी सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. माणसांचा अनुभव नाही, पण कोणतंही पत्र वाचून योग्य फायलीत लावू शकतो. मन त्याहून काय वेगळं असणार!)

पहिला निघाला वर्तनवाद. हवं ते वर्तन दिसलं की लगेच बक्षीस द्यायचं, म्हणजे ते वर्तन वाढतं. मी अर्धा किलो संत्रा बर्फी आणली आणि बाबांच्या समोर बसलो. ते म्हणाले, "काय?" मी हातावर एक बर्फी ठेवली. ते म्हणाले, "काहून?" दुसरी ठेवली. "अरे पण..." तिसरी, चौथी. दोन्ही हात भरल्यावर बाबांनी तोंड घट्ट मिटलं.

"पप्पा, तुम्ही आबाजींले गप्प राहाचं ट्रेनिंग दिलं," रुचा म्हणाली. उरलेली बर्फी मी खाल्ली.

बुधवारी मनोविश्लेषण. सगळ्याचं मूळ बालपणात असतं म्हणे. बाबांना दिवाणावर आडवं केलं, खिडकीचा पडदा ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, लहानपणी तुमच्या बाबानं तुम्हाले कधी मारलं का?"

"हाव."

मी वही सरसावली. "काहून मारलं?"

"असाच डोकं खात होतो म्हणून," असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

त्याच दिवशी जैविक दृष्टिकोनही उरकला. बाबा रक्त द्यायला तयार होईनात, म्हणून त्यांना धीर यावा यासाठी आधी मी दिलं. रिपोर्ट आले. बाबांचं सगळं तिशीतल्या पोरासारखं. माझी साखर वाढलेली.

गुरुवारी बोधात्मक दृष्टिकोन काढला. माणसाचे विचार कागदावर उतरवले की गुंता सुटतो, म्हणून बाबांना कोरी वही आणि पेन दिलं. या वेळी त्यांनी चक्क मान डोलावली! तासाभराने मी वही उघडली, तर पानभर नुसत्या फुल्या. तीन फुल्या, एक टिंब, परत तीन फुल्या. खाली सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून तेच. शुभांगीला वही दाखवली तर ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. खरं सांगतो, मीही बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

शुक्रवारी मी मानवतावादी झालो. यात समोरच्याला कुठलीही अट न घालता स्वीकारायचं आणि तो बोलेल त्याला मान डोलवायची. बाबा काही बोलतच नव्हते, पण मी ठरवलेली मान सोडली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर चाळीस मिनिटं डोलवली. शेवटी बाबांनी हाक मारली, "शुभांगी, याची मान पाह्य वं. दाखव कोणाले तरी."

शनिवार आला. पिशवी दाराशी तशीच. आता उरला होता एकच, सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन. माणूस समाजातून घडतो. मग समाजच घरी बोलावला! संध्याकाळी गल्लीतली अकरा माणसं बैठकीत दाटीवाटीने बसली. प्रत्येकाला मी एकच काम दिलं होतं. ते त्यांनी एकाच वेळी सुरू केलं.

"काय बाबाजी, तब्येत काय म्हणते?"

"बाबाजी, जेवले का?"

"बाबाजी, मन कायले लहान करता?"

बाबा ताडकन उभे राहिले. "एकशे चौऱ्यांशी!" ते ओरडले. "एकशे चौऱ्यांशीवर होतो मी! मोडलं नं सारं!"

अख्खा समाज दाराकडे सरकला.

"कायचे एकशे चौऱ्यांशी, बाबा?" मी विचारलं.

"सूत! रुचाच्या ओढणीचा काठ बसवून राहिलो मनात. करवतकाठी. सोमवारपासून मोजून राहिलो अन् तू रोज मोडून राहिला. कधी बर्फी देते, कधी सुई टोचते, कधी मुंडी हालवते!"

करवतकाठी म्हणजे करवतीच्या दात्यांची नक्षी असलेला काठ. त्याचा एकेक धागा आधी मनात मोजून बसवायचा, मग मागावर जायचं. वहीतल्या फुल्या आणि टिंबं म्हणजे तीच मोजणी होती. उमरेडला काकांकडे अजून हातमाग आहे. बाबा तिथे चार दिवसांसाठी निघाले होते. चार दिवसांसाठी!

"मग सांगाचं नं, बाबा!"

"मोजताना कोणी बोलते का गा? विणकराच्या घरचा नं तू?"

आमच्या घरी मोजणी सुरू असली की आई आम्हा भावंडांना खोकायलाही अंगणात पाठवायची. हे मला रुचाच्या वहीत सापडलं नाही. समाज चहा न घेताच हळूहळू पांगला.

रविवारी मी बाबांना एसटीत बसवून दिलं. चार दिवसांचे पंधरा झाले होते, कारण काठ आता पहिल्या सुतापासून मांडायचा होता. त्या पंधरा दिवसांत घर खायला उठलं. गुरुवारी न राहवून मी एकच फोन केला. अगदी एकच. नुसतं विचारलं, "कसं वाटते, बाबा?"

बाबा परत आले तेव्हा मी पेपरवाल्याच्याही आधी फाटकाशी उभा होतो. त्यांनी रुचाच्या खांद्यावर ओढणी टाकली. नजर ठरू नये असा काठ! रुचाने तो हातात धरून पाहिला आणि थांबली. एका जागी दोन बोटं रुंदीत करवतीचे दातेच नव्हते. सपाट.

"आबाजी, इथं काय झालं?"

"इथं तुया बापाचा फोन आला होता," बाबा म्हणाले. "उसवता आलं असतं. म्हटलं, राहू दे. तोबी घरातलाच आहे."

कॉलेजात रुचाच्या ओढणीचं फार कौतुक झालं. घरी कोणी आलं की ती हौसेने अख्खा काठ उलगडून दाखवते. ती सपाट जागा आली की तिच्यावर बोट ठेवते आणि सांगते, "हे आमचे पप्पा."