कुसुमवन्संनी सांगितलेली दारं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाकडं. चौथीपुढे शाळा झाली नाही. कुणी हे वाचलंच, तर सांभाळून घ्यावं. माझी धाकटी नणंद कुसुमवन्सं जाऊन दीड महिना झाला. न्युमोनिया झाल्याचं कळलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून त्यांच्या यजमानांचा फोन आला...

मी लग्न होऊन ताडकळसला आले तेव्हा वन्सं शाळेत होत्या. मळ्यात आम्ही दोघी दारं धरायचो. वाफा भरला की खोऱ्यानं त्याचं दार बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. वन्सं पुस्तकात रमायच्या, पाणी वाफ्याबाहेर जायचं आणि त्यांना घरच्यांची बोलणी बसायची. मी म्हणायचे, "तुमी बांधावर बसा, मी बघते." पुढे त्या कॉलेजात शिकवू लागल्या, हृदयाच्या पेशींवर संशोधन केलं.

दोन वर्षांमागं माझं हृदय उगाच पळायला लागलं. दवाखान्याचे सगळे पैसे वन्संनी भरले. ते फेडायचे म्हणून मी आठवडी बाजारात मेथी विकू लागले आणि डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी कुणाला न सांगता एक दिवसाआड घेऊ लागले. राखीला त्या आल्या, तेव्हा फळीवरची पाकिटं त्यांना दिसली.

"वैनी, इतक्या गोळ्या कशा उरल्या? पैसे वाचवायलीस?"

मी पाकिटं उचलून पदराखाली धरली. त्या शेजारी येऊन बसल्या.

"हृदयाच्या पेशीला बारीक दारं असतात. त्यातून कॅल्शियम आत आलं की पेशी आवळते, ठोका पडतो."

"मग तिथं खोरं घेऊन कोण उभं राहतंय?"

वन्सं खदखदून हसल्या. "कुणीच न्हाई! आत पुरेसं झालं की ते कॅल्शियमच दार मिटवायला लावतं. आपला वाफा इतका शहाणा असता तर मला बोलणी बसली नसती. माणूस घाबरला, धावला की दारं जास्त उघडतात. तुझं हृदय बसल्या जागी पळतंय, म्हणून ही गोळी दारं जरा आवरून धरते. पण रोज घेतली तरच." मग आवाज बदलला. "फेडायचंच असंल तर सावकाश फेड. गोळीतून वाचवलेला एक रुपया मी घेणार न्हाई. मला वैनी पायजे."

थोडे थोडे करत मी देत राहिले. परवा उरलेले घेऊन परभणीला गेले. वन्संचे यजमान, म्हणजे भाऊजी, पैसे घेईनात.

"तिनं कधी मागितले का?"

"न्हाई. पण हे सगळे मेथीचे हायेत, भाऊजी. गोळी एकबी चुकली न्हाई."

मग त्यांनी हात पुढे केला आणि पैसे घेतले. आता काही देणं राहिलं नाही.